चार नाके आणि एक नवरदेव

लग्नाच्या पंगतीत बसले की माझा उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागतो. वाढपी पुढून गेला की एक, दुसरा गेला की दोन. शेजारी बसलेला नवरा हळूच म्हणतो, "अवं, जेव आता. मोजायले कोणी सांगतलं तुले?"

सांगितलेलं नसतं कोणीच. पण वीसेक वर्षं बुलढाणा जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेला बसून गाड्या मोजल्या, तर अंगठ्याला एवढी सवय लागणारच. आमच्या कामात निवृत्तीचा समारंभ नसतो. शाल नाही, नारळ नाही. फोन यायचे कमी होतात आणि मग एक दिवस आपल्याला कळतं की आपण निवृत्त झालो. आता खांबावर कॅमेरा लावतात आणि मोजणी संगणक करतो. अधूनमधून मला बोलावतात ते संगणकाने नक्की काय मोजलं हे तपासायला, कारण कडब्याने भरलेला ट्रॅक्टर समोरून आला की तो त्याला काय समजेल याचा भरवसा नसतो.

काम काय असायचं ते आधी सांगते. रस्ता रुंद करायचा असो, पूल बांधायचा असो की गावाबाहेरून वळणरस्ता काढायचा असो, सरकार आधी विचारतं, इथून जातं किती? ते शोधायचं काम एखाद्या कंपनीला मिळतं. कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून किंवा नागपूरहून येतो आणि गावातली चार माणसं हाताशी धरतो. ती माणसं म्हणजे आम्ही. प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली, क्लिपबोर्ड, घड्याळ. दुचाकी, रिक्षा, जीप-कार, एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल, प्रत्येकाचा वेगळा रकाना. गाडी गेली की उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी मारायची. दर पंधरा मिनिटांनी नवा कागद. ऐकायला सोपं वाटतं. चिखलीच्या बाजारात कापसाच्या गाड्या यायच्या दिवसांत एकदा तासभर करून बघा.

माझी जोडीदार रुख्साना. चिखलीतल्या शिंपी घरातली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि नजर अशी की सुई पडली तर शंभर फुटांवरून सांगेल. आम्ही दोघी एकाच कंपनीच्या कामावर एकाच दिवशी लागलो आणि पहिल्याच दुपारी एका छत्रीसाठी भांडलो. तेव्हापासून एकत्र आहोत.

रुख्सानाला फसवणं अशक्य होतं. एका गावाला वळणरस्ता हवा होता. गाड्या जास्त दिसल्या पाहिजेत म्हणून तिथल्या पोरांनी मोटरसायकलींचा रतीब लावला. आमच्यासमोरून जायचं, शेतातून वळसा घालायचा, पुन्हा यायचं. सहाव्या फेरीला रुख्सानाने हात करून एकाला थांबवलं. "लाल गमछावाल्या भाऊ," ती म्हणाली, "आता सातव्यांदा येशील तं येताना थंड पाण्याची बाटली घेऊन ये. एवढा चालूनच राह्यला तं." तो खरंच बाटली घेऊन आला आणि मग दिवसभर आमच्याजवळच बसून राहिला.

दुसरी पद्धत गाड्या थांबवून विचारायची. सोबत पोलीस लागतो. कुठून आलात, कुठं चाललात, कशासाठी. 'कशासाठी'ला ठरलेली उत्तरं असायची: नोकरी, शिक्षण, दवाखाना, बाजार, धार्मिक, सामाजिक. एका गृहस्थांनी गाडीची काच खाली करून शांतपणे सांगितलं, "सासऱ्यासंगं भांडायले चाललो." मी पेन वर धरून बसले. रुख्साना म्हणाली, "सामाजिक लिही." एक म्हातारबुवा तर दोन तासांनी सायकलवरून परत आले आणि म्हणाले, "बाई, मी आता वापस चाललो. तुमच्या कागदावर मी गेलेलाच राह्यलो असन, म्हून सांगायले आलो." आमच्या साऱ्या जिल्ह्यात हिशेबाला इतका चोख माणूस मला दुसरा भेटला नाही.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या पद्धतीबद्दल, आणि त्यातल्या एका दिवसाबद्दल. नावं मी बदलली आहेत, रुख्सानाचं सोडून. ती म्हणाली, माझं बदललं तर मी बोलणार नाही.

चिखलीला बाहेरून वळणरस्ता हवा का, हे बघायचं होतं. त्यासाठी हे समजणं गरजेचं, की गावात येणाऱ्या गाड्यांपैकी गावातच काम असलेल्या किती आणि नुसत्या इकडून शिरून तिकडून निघणाऱ्या किती. त्याची युक्ती अशी. गावाला येणाऱ्या चार मोठ्या रस्त्यांवर, बुलढाणा, खामगाव, मेहकर आणि जालना, माणसांची एकेक जोडी बसवायची. एकाने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे मोठ्याने बोलायचे, दुसऱ्याने ते आकडे, वाहनाचा प्रकार आणि घड्याळातलं मिनिट लिहायचं. संध्याकाळी चारही नाक्यांचे कागद शेजारी ठेवून जुळवायचे. जो नंबर एका नाक्यावर आत शिरला आणि थोड्या वेळाने दुसऱ्या नाक्यावर बाहेर पडला, तो पाहुणा.

या कागदांना एक नियम आहे. ते कोणालाही दाखवायचे नाहीत. हा नियम मला पटलेला होता, कारण एकदा एक बाई माझ्या खुर्चीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाली होती, "ताई, आमच्या यांची गाडी किती वाजता गेली तेवढं सांगा. आणि मांगं कोणी बसेल होतं का." मी नाही सांगितलं. ती रागावून गेली. मीही बाईमाणूस, मलाही वाईट वाटलं, पण माणूस रस्त्यावरून जातो तो काही मला साक्षीदार ठेवून जात नाही.

त्या दिवशीचे इंजिनीअर होते ओंकार साहेब. पुण्याचा मुलगा, माझ्या धाकट्याच्या वयाचा, पण साहेब तो साहेब. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं कसं इस्त्री केल्यासारखं. पहिल्या दिवशी रुख्सानाने त्यांना विचारलं, "साहेब, जेवून राह्यले का जेवून घेतलं?" जेवून कुठे राहायचं, याचा विचार करत ते उभे राहिले.

मोजणीचा दिवस नेहमीसारखा असावा लागतो. सण नको, जत्रा नको, लग्नाची मोठी तीथ नको. ओंकार साहेबांनी सरकारी सुट्ट्या बघितल्या, हवामान बघितलं, पंचांग मात्र बघितलं नाही. आम्ही सकाळी सहाला मेहकर नाक्यावर खुर्च्या मांडल्या आणि साडेआठपासून फुलं लावलेल्या गाड्या सुरू झाल्या. दहापर्यंत रुख्सानाचा घसा बसला. पांढरी जीप, झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर दोन नावं. पुन्हा पांढरी जीप, झेंडूच्या माळा. साऱ्या तालुक्याची लग्नं त्या एका दिवसावर आली होती.

"साहेब," मी म्हटलं, "आज मोठी तीथ आहे. हा दिवस धरता येणार नाही."

"आता सुरू केलंय मॅडम," ते कसनुसं हसून म्हणाले. "बघू."

अकराच्या सुमारास गावातल्या चौकात तीन वऱ्हाडं एकमेकांत अडकल्याची बातमी आली. बँडवालेही गुंतले होते म्हणे, आणि कोणता बँड कोणाचा यावरून जरा बोलाचाली झाली. आम्हाला बरंच वाटलं. तेवढी दहा मिनिटं गाड्या कमी आल्या आणि रुख्सानाने चहा घेतला.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना एक मोटरसायकल आमच्यासमोर करकचून थांबली. उतरला तो पस्तिशीचा माणूस, नवा फेटा, नवा कुर्ता, आणि तोंडावर घाम. तो थेट माझ्याकडे आला.

"मॅडम, सकाळपासून तुम्ही गाड्यांचे नंबर लिहून राह्यल्या ना?"

"हो."

"आमचा नवरदेव हरवला."

रुख्सानाने हातातला दुसऱ्या चहाचा कप खाली ठेवला.

त्याचं नाव सुनील. नवरदेवाच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी. त्याने एका दमात सांगितलं ते असं. वऱ्हाड निघालं बुलढाण्याच्या बाजूने, लग्न साखरखेर्ड्याला. ठरवलेली नवरदेवाची गाडी सकाळीच बिघडली, म्हणून ऐनवेळी स्टँडवरची दुसरी जीप केली. ड्रायव्हर कोण, कुठला, कोणालाच माहीत नाही. त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या फुलांच्या पांढऱ्या गाडीच्या मागे मागे ये. नवरदेवासोबत दोन छोट्या करवल्या आणि एक मामा. मामा मोबाइल वापरत नाहीत आणि गाडी सुरू झाली की झोपतात. नवरदेवाचा मोबाइल दाजीच्या खिशात, कारण त्याच्या शेरवानीला खिसाच नाही. मेहकर रस्त्यावर पुढे जाऊन वऱ्हाड थांबलं तेव्हा कळलं की मागे कोणी नाही.

"गाडीचा नंबर आहे का?" मी विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. सजवलेल्या गाडीचा फोटो त्याने हौसेने काढून ठेवला होता. शेवटचे आकडे एक्केचाळीस सतरा.

"नाई," रुख्साना म्हणाली. "हा नंबर आज माह्या तोंडातून निघाला नाई."

सकाळपासूनचा प्रत्येक आकडा तिनेच मोठ्याने बोलला होता, म्हणून तिच्यावर माझा विश्वास होता. तरी मी कागदांवरून बोट फिरवलं. नव्हता. म्हणजे गाडी मेहकर रस्त्याला आलीच नव्हती.

"मग दुसऱ्या नाक्यावाल्याइले विचारा ना," सुनील म्हणाला. "तिकडं मांडवात लोक बोलून राह्यले का पोरगा पळाला म्हून. मुहूर्त जवळ आला. माह्या सासऱ्याले दोनदा चक्कर आली."

ओंकार साहेब तोवर खुर्चीतून उठून आले होते. "हे बघा," ते अगदी नरमाईने म्हणाले, "मला समजतंय. पण ही माहिती बाहेर देता येत नाही. आम्ही तसं लिहून दिलंय."

सुनील माझ्याकडे बघायला लागला. आणि खरं सांगते, मी साहेबांच्या बाजूने होते. माझ्या मनात दुसरंच काही आलं होतं. पोरगा खरोखर पळाला असेल तर? लग्न नको असेल, कोणाला सांगता आलं नसेल, चौकातल्या गर्दीचा फायदा घेऊन त्याने ड्रायव्हरला म्हटलं असेल, वळव गाडी. मग त्याचा रस्ता कोणता हे या दाजीला सांगणं म्हणजे पन्नास नातेवाईक त्याच्या मागे सोडणं. पण पळाला नसेल, तर तिकडे मांडवात हळद लावून बसलेल्या मुलीचं काय?

"नवरीशी बोलायचंय मला," मी म्हटलं.

सुनील बावरला. पण त्याने फोन लावला. दोन-तीन हातांतून फोन फिरल्याचे आवाज आले आणि मग मुलीचा आवाज आला. तिचं नाव अश्विनी म्हणू. आवाज रडका नव्हता. मी कोण, काय करते, माझ्याकडे काय आहे, ते सांगितलं. माझी अडचणही सांगितली.

तिने आजूबाजूच्या बायकांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. मग म्हणाली, "काकू, सकाळी सहाला आमचं बोलणं झालं. बूट चावून राह्यला म्हणत होता. ज्याले पळायचं असन तो बूट चावला म्हून कायले सांगीन?"

"तेही खरंच."

"पण तरी पाहा तुम्ही. आणि तो आपल्या मनानं गेला असन, तं मले एवढंच सांगा का गेला. कोणत्या रस्त्यानं गेला ते कोणाले सांगू नका. मलेबी नका सांगू."

फोन स्पीकरवर होता. ओंकार साहेबांनी ते सगळं ऐकलं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं, का ते मला अजून कळलेलं नाही, आणि म्हणाले, "मी बुलढाणा नाक्याला फोन लावतो."

बुलढाणा नाक्यावरच्या आमच्या दोघांनी कागद चाळले. एक्केचाळीस सतरा, जीप, दहा अडतीसला गावात आत. म्हणजे चिखलीत गाडी आली होती. खामगाव नाक्यावर नंबर नव्हता. उरला जालना नाका. तिथे आमचा तेजराव बसायचा. तेजरावचं अक्षर मोत्यासारखं, पण त्याला कुठलीही गोष्ट घाईने करता येत नाही.

"थांबा," तो म्हणाला, आणि आम्ही थांबलो. कागद उलटल्याचा आवाज. "थांबा." पुन्हा कागद. "हाव. एक्केचाळीस सतरा. अकरा सातले बाहेर."

सुनील रस्त्याच्या कडेला मातीतच बसला. नवा कुर्ता, तरी बसला. साखरखेर्डा एकीकडे आणि गाडी भलतीकडेच गेलेली. ओंकार साहेबांचा चेहरा उतरला. मलाही वाटलं, गेला पोरगा. आता त्या मुलीला काय शब्दांत सांगायचं, याची मी जुळवाजुळव करायला लागले.

तेवढ्यात रुख्सानाने साहेबांच्या हातातून फोन घेतला. "तेजराव, त्याच्या वरची ओळ वाच. त्या गाडीच्या समोर कोण होतं?"

"अकरा सातच. जीपच. अठ्ठावन्न शून्य तीन."

"आणि तिले फुलं होते का?"

"दोघीइलेबी फुलं होते. एकीच्या मांगं एक, अगदी चिटकून. मी म्हटलं काय शिस्तीत चालून राह्यले."

रुख्सानाने डोळे मिटले. तिला नंबर आठवताना मी शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी तिच्या तोंडाकडे आम्ही तिघं ज्या आशेने बघत होतो तसं कोणी कधी बघितलं नसेल. "अठ्ठावन्न शून्य तीन," ती पुटपुटली. "अवं, ही तं आमच्या गल्लीतल्या शफीकभाईची गाडी. रोज माह्या दारावरून जाते."

शफीकभाईंना फोन लागला. त्यांनी ड्रायव्हरचा नंबर दिला. ड्रायव्हरचं नाव बबन. दोनदा फोन नुसता वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्याने उचलला आणि मागून कसलीतरी घुंगरं वाजल्याचा आवाज आला.

"बबनभाऊ," रुख्साना म्हणाली, "तुमच्या गाडीच्या मांगं पाहा बरं. फुलं लावलेली दुसरी गाडी हाये का?"

"हाये ना."

"कुठून हाये मांगं?"

"चिखलीच्या चौकापासून मांगंच हाये. मी थांबलो का थांबते, मी निघालो का निघते. मले वाटलं आपल्याच वऱ्हाडातली."

"आता कुठं हाये तुम्ही?"

"रसवंतीवर. ऊन लय हाये म्हून सगळे रस पिऊन राह्यले."

"आणि त्या मांगच्या गाडीतला नवरदेव?"

बबनने मान वळवून पाहिलं असावं. मग तो सावकाश म्हणाला, "आता तुम्ही म्हटलं म्हून माह्या ध्यानात आलं. इथं दोन नवरदेव हाये."

मला जे हसू फुटलं ते मी अजून विसरलेले नाही. रुख्सानाने पदर तोंडात कोंबला. सुनीलने मातीत बसल्या बसल्याच फोन ओढून घेतला आणि ओरडला, "त्याले द्या. दुसऱ्याले द्या."

नवरदेव फोनवर आला. आवाज चांगलाच वैतागलेला. "दाजी, तुम्ही काऊन थांबून नाई राह्यले? मी मघापासून मांगून हात करून राह्यलो. आणि हे कोणते पाहुणे घेतले आपण संगं? मी एकालेबी ओळखत नाई."

सुनील हसतोय की रडतोय ते कळेना. शेवटी ओंकार साहेबांनी फोन घेतला आणि आपल्या त्या इस्त्रीच्या भाषेत नवरदेवाला समजावून सांगितलं की आपण दुसऱ्याच्या वऱ्हाडात आहात, कृपया परत फिरा, चिखलीत या, चौकातून उजवीकडे वळून मेहकर रस्त्याला लागा. नवरदेव म्हणाला, "बरं. पण रसाचा गिलास त्याइनंच दिला, आता काय करू?" साहेब म्हणाले, "तो पिऊन घ्या."

मी अश्विनीला फोन लावला. "पोरी, तो मनानं नाही गेला. मागं लागून गेला."

मी सगळं सांगितलं. पलीकडून तिचं हसणं ऐकू आलं, आधी दबलेलं, मग अगदी मोकळं, आणि तिच्यामागे बायकांचा गलका. ती कोणाला तरी सांगत होती, "त्याच्या बाबाले म्हणा उठा. रस पिऊन राह्यला तो."

पाऊण तासाने तेजरावचा फोन आला. या वेळी 'थांबा' म्हणाला नाही. "एक्केचाळीस सतरा, आत." आम्ही दोघी खुर्च्या सोडून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. गाडी आली. रुख्सानाने नंबर असा पुकारला की नाक्यावरची पानटपरीवाली माणसं बाहेर आली. गाडीच्या खिडकीतून दोन करवल्या हात हलवत होत्या, मध्ये बाशिंग बांधलेला नवरदेव ताठ बसलेला, आणि पुढच्या सीटवर मामा झोपलेले. पुढे, त्यांना चौकात घ्यायला गेलेल्या सुनीलची मोटरसायकल, हॉर्न वाजवत. त्याने ठरवलं होतं की आता ही गाडी कोणाच्याच मागे जाणार नाही, त्याच्याच मागे येईल.

ती नजरेआड झाल्यावर मी खुर्चीत बसले आणि क्लिपबोर्डकडे पाहिलं. बारा वाजायच्या आधीपासून बारा पंधरापर्यंतचा कागद कोरा होता. पंचवीस मिनिटं आम्ही एकही नंबर लिहिला नव्हता.

ओंकार साहेबांनीही ते बघितलं. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "ताई, हे अंदाजाने भरता येईल का? आधीच्या पंचवीस मिनिटांसारखंच धरून?" सकाळपासून मी मॅडम होते. ताई पहिल्यांदाच झाले.

मी त्यांना नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका फाट्यावर रस्ता ओलांडणारी माणसं मोजायची होती. उन्हाळा, दुपारची वेळ, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी एका घरात जाऊन सावलीला बसले आणि दीड तासाचे आकडे मनाने भरले. भर उन्हात कोण रस्ता ओलांडणार, असं धरून रकाने जवळजवळ रिकामेच ठेवले. त्या दिवसांत शाळा सकाळची असते, आणि नेमकी त्याच वेळी ती सुटते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे रस्ता मोठा झाला. त्या फाट्यावर गतिरोधक आला नाही, पट्टे आले नाहीत. कागद म्हणत होता की दुपारी तिथून कोणी जात नाही. मी त्या रस्त्याने एसटीने जाते तेव्हा दप्तरं पाठीवर घेतलेली मुलं एकमेकांचा हात धरून ट्रक जायची वाट बघताना दिसतात. मी खिडकीतून बघते. मला त्यांच्याकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. गतिरोधकासाठी मी नंतर दोनदा अर्ज केला. अजून आलेला नाही.

ओंकार साहेबांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्या कोऱ्या कागदावर तिरपी रेघ मारून लिहिलं, 'नोंद झाली नाही.' खाली सही केली. त्या सहीपायी त्यांना वरून बरीच बोलणी खावी लागली असं मला नंतर कळलं. तीथ आणि कोरा कागद, दोन्ही कारणांनी तो सगळा दिवस रद्द झाला आणि दहा दिवसांनी आम्ही पुन्हा चारही नाक्यांवर बसलो. तो दिवस नेहमीसारखा होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

लग्न कितीला लागलं हे मी विचारलं नाही. आमच्याकडे साडेबाराचा मुहूर्त अडीचला लागला तरी भटजी घड्याळाकडे बघत नाहीत. चारच्या सुमारास साखरखेर्ड्याहून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने एक मोठा डबा आमच्यापाशी उतरवला. बुंदी, भाजी, पुऱ्या. चारही नाक्यांना पुरेल एवढं. पुऱ्या गार झाल्या होत्या. ओंकार साहेबांनी सात खाल्ल्या. हे मी मुद्दाम मोजलं नव्हतं.

सूर्य मावळायला आला आणि नवरानवरीची गाडी परत आली. तोच नंबर. आमच्यासमोर येऊन थांबली आणि मागचं दार उघडून अश्विनी खाली उतरली. हिरवा चुडा, डोक्यावर पदर, शालूला धूळ लागू नये म्हणून एका हाताने तो वर धरलेला. "फोनवरच्या काकू कोणत्या?" तिने विचारलं. मी पुढे झाले. ती वाकायला लागली, मी धरलं. मग म्हणाली, "मले ती ओळ पाहता येईन का?"

मी ओंकार साहेबांकडे पाहिलं. जालना नाक्याचे सकाळचे कागद एव्हाना त्यांच्याकडे जमा झाले होते. त्यांनी तेजरावचा तो कागद काढला, एक कोरा कागद वर ठेवला, एक खाली, आणि मधली दोन ओळींएवढी फट तिच्यासमोर धरली. अठ्ठावन्न शून्य तीन. एक्केचाळीस सतरा. अकरा सात. अकरा सात.

तिने त्यावर बोट ठेवलं. "एवढं जवळून चालला त्याच्या मांगं," ती म्हणाली. मग गाडीकडे वळून नवऱ्याला म्हणाली, "अहो, इतकं तं तुम्ही फेऱ्यातबी माह्या मांगं नव्हते." नवरदेवाने खिडकीतून तोंड आत घेतलं. रुख्साना हसत हसत खुर्चीत बसायला गेली, खुर्ची जागेवर नव्हती, आणि ती जमिनीवरच बसली. तरी हसणं थांबेना.

गाडी बुलढाण्याच्या दिशेने निघाली. नंबर पुकारायचा होता, पण पुकारणारी जमिनीवर होती. लिहायचं होतं, आणि मला डोळ्यांतल्या पाण्याने कागद दिसत नव्हता. "राहू द्या," ओंकार साहेब म्हणाले, "मी लिहिला."

रात्री घरी जायच्या आधी कागद जुळवताना मी ती नोंद पाहिली. नंबर बरोबर, मिनिट बरोबर, आकडे कसे सुबक. फक्त वाहनाचा प्रकार लिहायच्या रकान्यात आम्ही 'जीप' लिहितो, तिथे पुण्याच्या त्या साहेबाने 'वरात' लिहिलं होतं. मी ते खोडायला पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.